खतावणीतील एक चुकीची नोंद

या सदरातून गेली काही वर्षे मी व्यापारी कुटुंबांतील हिशेबाच्या, वारशाच्या आणि वाटण्यांच्या गोष्टी लिहीत आलो आहे. त्या बहुधा दुसऱ्यांच्या घरच्या असत. या वेळची गोष्ट माझ्या घरची आहे आणि ती लिहिण्यास मला फार उशीर झाला आहे, हे प्रारंभीच कबूल करतो.

निमित्त माझ्या पुतणीचे. ती पुण्यास असते आणि महाविद्यालयात शिकविते. जून महिन्यात तिचे पत्र आले. फोनच्या या दिवसांत तिने हाताने पत्र लिहिले, यावरूनच विषय साधा नसावा, हे मी ओळखले. ‘काका,’ तिने लिहिले होते, ‘मी एक कादंबरी लिहीत आहे. तिच्यात क्रिकेटची बॅट हाताने घडविणारा एक कारागीर आहे, त्या बॅटी विकणारे एक घर आहे आणि त्या घरातील दोन भाऊ आहेत. बाबा आपल्या सांगलीच्या दुकानाविषयी एक शब्द बोलत नाहीत. बॅट कशी घडते, ते मला सांगा. आणि आजोबा व बाबा यांच्यात काय झाले होते, तेही सांगा.’

पत्राबरोबर तिने दोन इंग्रजी कादंबऱ्या पाठविल्या होत्या. अरविंद अडिगा यांची ‘सिलेक्शन डे’ ही २०१६ सालची. मुंबईत चटणी विकणारा एक बाप आपल्या दोन मुलांना फलंदाज करण्यासाठी कसा झपाटलेला असतो आणि त्या मुलांचे काय होते, याची ती कथा आहे. दुसरी श्रीलंकेचे शेहान करुणातिलक यांची २०१० सालची ‘चायनामन’. मद्याने पोखरलेला एक निवृत्त क्रीडा पत्रकार विस्मृतीत गेलेल्या एका फिरकी गोलंदाजाचा शोध घेतो. सोबर्सच्या नावावरून ज्याचे नाव गारफिल्ड ठेवले, तो त्याचा स्वतःचा मुलगा मात्र त्याच्यापासून दुरावलेला असतो. दोन्ही पुस्तके मी रात्री जागून वाचली. दोहोंत पिता आहेत, पुत्र आहेत. बॅट घडविणाऱ्याचा हात मात्र त्यांचा विषय नाही. तो पुतणीला हवा होता आणि तो मी पाहिला होता. म्हणून तिच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर मी लगेच लिहावयास घेतले. दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर लिहिण्यास मला तीन महिने लागले.

आमचे क्रीडासाहित्याचे दुकान अण्णांनी १९५८ साली घातले. सांगली हे विजय हजारे यांचे जन्मगाव. भारताने १९५२ साली मद्रासला पहिला कसोटी विजय मिळविला, तेव्हा संघाचे कर्णधार हजारे होते. त्यामुळे आमच्या गावी बॅट घेण्यास येणारा प्रत्येक मुलगा स्वतःला त्यांचा वारस समजत असे. कॅरम, फुटबॉल, लेझीम, डंबेल्स असा सगळा माल आम्ही ठेवीत असू. परंतु अण्णांचा जीव बॅटींत होता. प्रतिवर्षी ते खरेदीसाठी स्वतः मेरठला जात. १९७७ च्या उन्हाळ्यात, मी सोळा वर्षांचा असताना, त्यांनी मला बरोबर नेले.

मेरठमध्ये हा व्यवसाय कसा आला, हे अण्णांनी मला गाडीतच सांगितले. फाळणीपूर्वी क्रीडासाहित्याचे मोठे केंद्र होते पंजाबातील सियालकोट. १९४७ साली तेथील हिंदू आणि शीख कारखानदार व कारागीर घरदार सोडून इकडे आले. कोणी जालंधरला स्थिरावले, कोणी मेरठला. एस. जी. या नावाने आज आपण ज्या कंपनीच्या बॅटी व चेंडू ओळखतो, ती कंपनी १९३१ साली सियालकोटला दोन भावांनी स्थापिली होती. फाळणीनंतर ती आग्र्यास आणि पुढे १९५० साली मेरठला आली. ‘कारखाना मागे राहिला, यंत्रे मागे राहिली,’ अण्णा म्हणाले, ‘हात तेवढे बरोबर आले. त्यावर पुन्हा सगळे उभे केले.’

सूरजकुंड परिसरातील एका लहानशा कारखान्यात आम्ही दोन दिवस बसून होतो. जमिनीवर विलोच्या ढलप्यांचा घोटाभर थर होता. तेथे मी जे पाहिले आणि पुढे धंद्यात राहून जे शिकलो, ते पुतणीला असे लिहिले.

बॅटीचे लाकूड विलोचे. आपल्याकडे ओढ्याच्या आणि नदीच्या काठी वाळुंज वाढतो, त्याच कुळातील हा वृक्ष. उत्तम जात इंग्लंडच्या पूर्व भागातील, एसेक्स आणि सफोक परगण्यांतली. ओलसर जमिनीत, पाण्याच्या कडेला ती लावतात आणि साधारण पंधरा-वीस वर्षांनी तोडतात. एसेक्समधील एक घराणे १८९४ पासून केवळ हाच व्यापार करीत आले आहे. विचार करा, आज लावलेले झाड विकावयाचे ते पुढच्या पिढीने. आपण वारसा म्हणून दुकान, गाळे, ठेवी ठेवतो. ते लोक उभी झाडे ठेवतात.

ओंडक्याचे हातभराहून थोडे अधिक लांबीचे तुकडे करतात आणि पाचर ठोकून ते उभे फोडतात. करवतीने कापत नाहीत, कारण फोडताना लाकूड आपल्या धाग्याच्या दिशेने फाटते आणि तीच बॅटीची ताकद असते. या फाकेला धंद्यात क्लेफ्ट म्हणतात. तिची दोन्ही टोके मेणात बुडवितात. तसे न केल्यास टोके आधी वाळतात आणि तडकतात. नंतर कित्येक महिने ती वाळवावी लागते. काश्मीरमध्ये श्रीनगर–जम्मू रस्त्यावर संगम, हलमुला, बिजबेहारा या भागांतून गेलेल्या यात्रेकरूंनी रस्त्याच्या कडेला अशा फाकांचे चौकोनी मनोरे पाहिले असतील. मनोरा असा रचतात, की प्रत्येक फाकेच्या सर्व बाजूंनी वारा खेळावा.

विलो हलका आणि मऊ असतो. मऊ लाकडावर चेंडू आदळला तर खळगा पडेल, म्हणून पाते जड रुळांच्या दाबाखाली घालतात. दाब कमी पडला तर पाते लवकर फुटते. अधिक झाला तर लाकूड मरते आणि चेंडू उसळत नाही. किती दाब द्यावा, हे प्रत्येक फाकेगणिक वेगळे असते आणि ते कारागिराला कळावे लागते.

मूठ वेताची असते. वेत आग्नेय आशियातून येतो. त्याच्या पट्ट्या सरसाने चिकटवून, मध्ये रबराच्या पट्ट्या घालून ती तयार करतात, म्हणजे चेंडूचा हादरा मनगटापर्यंत पोहोचत नाही. पूर्वी पाते आणि मूठ एकाच लाकडाची असे. पात्यात पाचरीसारखी खाच पाडून वेताची मूठ बसविण्याची रीत १८८० च्या दशकात चार्ल्स रिचर्डसन या इंग्रज अभियंत्याने काढली. तो ब्रुनेल या थोर अभियंत्याचा शिष्य आणि सेव्हर्न नदीखालच्या रेल्वे बोगद्याचा मुख्य अभियंता. हा सांधा बॅटीचा सर्वांत अवघड भाग. तेथे कागद शिरेल एवढी फट राहिली तरी बॅट एक ना एक दिवस तेथेच दगा देते.

मग खरे घडविणे. दोन मुठींच्या पाजळलेल्या सुरीने कारागीर लाकूड आपल्याकडे ओढत तासतो, नंतर रंधा, नंतर कानस, शेवटी काचकागद. दर थोड्या वेळाने तो बॅट हातात धरून डोळे मिटतो. वजन काट्यावर कळते, परंतु तोल हातालाच कळतो. तोल खाली गेला तर तेवढ्याच वजनाची बॅट जड वाटते. नियमाने रुंदी सव्वाचार इंचांपेक्षा अधिक चालत नाही. १७७१ साली इंग्लंडमध्ये एक फलंदाज यष्टींच्या रुंदीची बॅट घेऊन मैदानात उतरला, तेव्हापासून ही मर्यादा आली आणि आजतागायत टिकली. लांबी अडतीस इंचांहून अधिक नको. १९७९ साली डेनिस लिली ॲल्युमिनियमची बॅट घेऊन पर्थच्या कसोटीत खेळावयास आला, त्यानंतर पाते लाकडाचेच असावे, हेही नियमात आले.

हे सारे पुतणीला लिहिताना मला मोठा आनंद झाला. तिच्या दुसऱ्या प्रश्नापाशी येऊन मात्र लेखणी थांबली.

आमच्या दुकानाच्या मागच्या पडवीत एक मिस्त्री बसत. ते मिरजेचे. सतार आणि तंबोरे घडविणाऱ्या गल्लीत त्यांचा हात तयार झाला होता. सरस किती शिजवावा आणि सांधा किती वेळ दाबून ठेवावा, हे त्यांना वाद्यांनी शिकविले होते. अण्णांनी त्यांना बॅटी दुरुस्त करण्यास आणले आणि काही वर्षांत ते स्वतः बॅट घडवू लागले. वर्षाकाठी पंचवीस-तीस, त्याहून अधिक नाहीत. त्यांच्या बॅटीला नाव नसे, चिकटपट्टी नसे. मागे खांद्यापाशी शिसपेन्सिलीने लाकडाची जात आणि वजन लिहिलेले असे, एवढेच.

१९८३ च्या जूनमध्ये कपिलदेव यांच्या संघाने लॉर्ड्सवर विश्वचषक जिंकला आणि आमच्या धंद्याचे रूप पालटले. त्यानंतर चार वर्षांनी विश्वचषक भारत आणि पाकिस्तानातच खेळला गेला. १९८७ च्या त्या दिवाळीत मुलांना केवळ बॅट नको होती, विलायती बॅट हवी होती. इंग्लिश विलोची किंमत काश्मीरच्या तीन-चार पट. माल कमी, मागणी अफाट. दादा माझ्याहून आठ वर्षांनी मोठे. खरेदी-विक्री तेव्हा तेच पाहत. त्यांनी एक मार्ग काढला. काश्मीर विलोच्या कोऱ्या बॅटी आणावयाच्या, रसायन लावून त्यांचा तांबूस रंग उडवावयाचा, म्हणजे त्या पांढऱ्या दिसतात, आणि वर एका नसलेल्याच विलायती कंपनीच्या नावाची चिकटपट्टी लावावयाची. पट्ट्या त्यांनी छापून आणल्या. रंग उडविण्याचे काम दुकानाच्या माळ्यावर, रात्री, मी करीत असे. अण्णांना यातले काही ठाऊक नव्हते. त्यांच्या गुडघ्यांनी माळ्याचा जिना चढणे सोडून दिले होते.

काश्मीर विलोविषयी गैरसमज होऊ नये, म्हणून सांगतो. ते लाकूड थोडे जड आणि कठीण असते, चेंडू इंग्लिश विलोइतका सहज उसळत नाही. परंतु शिकाऊ मुलाच्या हाती ते टिकते आणि त्याच्या बापाला परवडते. देशातील लक्षावधी मुले याच लाकडावर क्रिकेट शिकली. काश्मीरचे लाकूड हलके नव्हते. त्याला दुसरे नाव देण्याचे आमचे काम हलके होते.

नोव्हेंबरातील एका दुपारी हळदीच्या पेठेतील एक हमाल आपल्या मुलाला घेऊन आला. मुलगा सोळा-सतरा वर्षांचा, जिल्ह्याच्या निवड चाचणीसाठी बोलाविलेला. दादा त्या दिवशी कोल्हापूरला वसुलीस गेले होते, गल्ल्यावर मी होतो. हमालाने कमरेच्या पिशवीतून दहा-दहाच्या नोटा काढून मोजल्या आणि मला विचारले, ‘शेठ, हे विलायती लाकूडच आहे ना? पोराची चाचणी आहे.’ मी ‘होय’ म्हणालो. पावती केली. त्या ‘होय’ला दादांनी मला भाग पाडले नव्हते. ‘काश्मीरचीच घ्या, चांगली आहे आणि स्वस्तही पडेल,’ असे मी म्हणू शकलो असतो. दुकानात आम्ही तिघेच होतो, ऐकणारे दुसरे कोणी नव्हते.

तीन आठवड्यांनी ते दोघे परत आले. चाचणीत तिसऱ्याच षटकात बॅट सांध्यापाशी चिरली होती. बॅट मोडल्यामुळे मुलाची निवड हुकली, असे मी म्हणणार नाही. दुसऱ्याची बॅट मागून घेऊन तो पुन्हा उभा राहिला आणि लगेच बाद झाला, एवढेच त्याने सांगितले. त्याचा बाप एक शब्दही मोठ्याने बोलला नाही. अण्णांनी बॅट घेतली, मिस्त्रींना बाहेर बोलाविले. मिस्त्रींनी काचेच्या तुकड्याने पात्याची पाठ थोडी खरवडली. पांढरा थर गेला आणि खालून तांबूस रेघा दिसू लागल्या. दुकानात गिऱ्हाइके होती, दोन नोकर होते, दादा होते, मी होतो.

अण्णांनी पूर्ण रक्कम हमालाच्या हाती ठेवली. मिस्त्रींनी घडविलेली एक बॅटही मुलाला देऊ केली. बापाने पैसे मोजून घेतले आणि बॅट परत केली. ‘दिलेलं तेवढंच परत द्या, शेठ,’ तो म्हणाला. ते दोघे निघून गेल्यावर अण्णांनी रोजकीर्द उघडली आणि सर्वांदेखत, मोठ्याने म्हणत, नोंद केली: बॅट परत, रक्कम अमुक, नुकसान थोरल्याच्या नावे. खतावणीत दादांच्या खात्यावर त्यांनी ते स्वतः उतरविले. चिकटपट्ट्या दादांनी आणल्या होत्या, म्हणून विक्रीही त्यांचीच, असे त्यांनी गृहीत धरले.

मी कॅरमच्या सोंगट्यांचे डबे फळीवर रचीत होतो. दादांनी एकदा माझ्याकडे पाहिले. मी डबे रचीत राहिलो.

पुढच्या महिन्यात दादांनी घर सोडले. पुण्यात टिंबर मार्केटमध्ये प्लायवूडचे दुकान घातले, ते चांगले चालले. वाटणी रीतसर झाली. कागदोपत्री कोणाची एक पै राहिली नाही. अण्णांनी माळ्यावरच्या उरलेल्या सर्व बॅटी खाली आणविल्या, पट्ट्या काढविल्या, प्रत्येकीच्या खांद्यावर मिस्त्रींकडून ‘काश्मीर’ असे लिहवून घेतले आणि त्या काश्मीरच्या भावाने विकल्या. त्या संपण्यास दोन वर्षे लागली. दादा आणि अण्णा नंतर लग्नकार्यात भेटत, एकमेकांची प्रकृती विचारीत. दरवर्षी दोन्ही घरांतून क्षमापनेची छापील पत्रिका टपालाने जाई आणि येई. १९९९ साली अण्णा गेले. दादा आले, तिसऱ्या दिवशी परत गेले. अण्णांच्या शेवटच्या आजारात मी त्यांच्या उशाशी अनेक रात्री बसलो होतो. सांगण्यास पुष्कळ वेळ होता. मी सांगितले नाही.

वाचकहो, अशा मौनाला आपल्या घरांत चांगली नावे देण्याची रीत आहे. ‘जुनी गोष्ट उकरू नये’, ‘वडिलांच्या जिवाला त्रास नको’, ‘आता सगळे सुरळीत आहे’. मीही ही नावे वापरली. नसलेल्या कंपनीच्या नावाची चिकटपट्टी मी तेव्हा बॅटीला लावीत होतो, पुढे अडतीस वर्षे स्वतःच्या गप्प बसण्याला लावली.

सप्टेंबरात मी पुण्यास गेलो. पुतणीला आधी पत्राने कळवावे की दादांना आधी भेटावे, याचा पुष्कळ विचार केला. तिच्या कादंबरीचे पहिले प्रकरण एव्हाना माझ्याकडे आले होते. त्यात थोरला भाऊ लोभी होता, धाकटा सरळमार्गी होता आणि बाप न्यायी होता. लेक आपल्या बापाला दोषी धरून त्याच्यावर माया करीत होती. ते वाचून मला झोप लागली नाही. म्हणून आधी दादांकडे गेलो. बरोबर मिस्त्रींची एक जुनी बॅट आणि १९८७ ची खतावणी नेली.

बिबवेवाडीच्या घरी दादा एकटेच होते. बहात्तर वर्षांचे, हात थोडा कापतो. बॅट मांडीवर घेऊन त्यांनी पात्यावरच्या रेघा अंगठ्याने मोजल्या. विलोच्या पात्यावरील एक रेघ म्हणजे झाडाचे एक वर्ष, हे आम्हा दोघांनाही अण्णांनीच शिकविलेले. ‘आठ,’ ते म्हणाले. दाट रेघांची बॅट पहिल्या दिवसापासून उसळते आणि लवकर संपते. विरळ रेघांची उशिरा खुलते आणि अधिक वर्षे टिकते, असे मिस्त्री म्हणत. मी खतावणीचे ते पान उघडले आणि म्हणालो, ‘दादा, ही नोंद चुकीची आहे. ती बॅट मी विकली होती.’

‘मला ठाऊक आहे,’ दादा म्हणाले. ‘त्यांनी पावती गल्ल्यावर ठेवली होती. तुझं अक्षर होतं.’

‘मग तुम्ही बोलला का नाहीत?’

‘तुझं लग्न ठरलेलं होतं. पंधरा दिवसांवर कार्य. व्याही मंडळी पेठेतलीच.’ थोडा वेळ थांबून ते म्हणाले, ‘आणि पट्ट्या तर मीच आणल्या होत्या. मी काय वेगळा होतो? पण अण्णांनी मला विचारलं असतं, तर मी सगळं सांगितलं असतं. माझंही आणि तुझंही. त्यांनी विचारलं नाही. लिहिलं.’

आमच्या अण्णांच्या सचोटीविषयी सांगलीच्या पेठेत आजही लोक आदराने बोलतात आणि तो आदर योग्यच आहे. गिऱ्हाइकाचे पैसे त्यांनी त्याच क्षणी परत केले. परंतु ज्या काळजीने त्यांनी बॅटीचे लाकूड खरवडून पाहिले, त्या काळजीने आपल्या मुलाला एक प्रश्न विचारला नाही. पावती तेथेच, हातभर अंतरावर होती. मालाची परीक्षा आपण पिढ्यान्‌पिढ्या शिकतो आणि शिकवितो. घरातल्या माणसाविषयी मात्र आपण पूर्वीच्या अनुभवावरून भाव ठरवितो आणि तो पुन्हा तपासत नाही. थोरला असा, धाकटा तसा, सून अशी. ही नोंद आपण मोठ्याने म्हणत करतो आणि ती सर्वजण ऐकतात.

हे लिहिताना मी अण्णांवर दोष ढकलीत नाही. त्यांनी विचारले नाही, हे खरे. पण न विचारता सांगणे माझ्या हाती होते. त्या दिवशी मी तीन शब्द बोललो असतो, तर माझे लग्न कदाचित महिनाभर लांबले असते, पेठेत चार दिवस चर्चा झाली असती. त्याऐवजी माझ्या मुलांना त्यांचे दादाकाका मिळाले नाहीत आणि पुतणीला आजोबा मिळाले नाहीत. तिचा जन्म घर सोडल्यानंतरचा. मिस्त्रींना काम करताना तिने कधी पाहिले नाही, म्हणून तिला मला विचारावे लागले. मिस्त्री २००६ साली गेले. त्यांच्यानंतर पडवीत कोणी बसले नाही. आमच्या दोघांपैकी कोणाच्याही मुलाला बॅट घडविणे शिकता आले असते. एकत्र असतो, तर एखादा शिकलाही असता. विभागणी होताना गाळे, रोकड आणि दागिने यांची यादी होते. कोणाच्या हाताजवळ कोणाचे मूल बसावयाचे होते, याची यादी होत नाही.

जमाखर्चाचा एक नियम या सदराच्या वाचकांना मी नव्याने सांगावयास नको. रोजकीर्दीत खाडाखोड करीत नाहीत. चूक ध्यानात आली, की ज्या दिवशी आली त्या दिवसाच्या पानावर दुरुस्तीची नोंद करतात. जुने पान तसेच राहते. हा लेख माझी दुरुस्तीची नोंद आहे. १९८७ च्या डिसेंबरातील ते नुकसान थोरल्याच्या नावे नसून धाकट्याच्या नावे आहे.

लेख छापावयास देण्यापूर्वी तो दादांना फोनवर वाचून दाखविला. शेवटपर्यंत ते काही बोलले नाहीत. मग म्हणाले, ‘तिला पाठव. आणि एक दुरुस्ती कर. माळ्यावर बॅटी किती उरल्या होत्या, ते लिहिलं नाहीस. बेचाळीस होत्या.’ मी खतावणीत पाहिले. बेचाळीसच होत्या.

पुतणी दिवाळीत सांगलीला येणार आहे. मिस्त्रींची हत्यारे मी पडवीतल्या पेटीतून काढून ठेवली आहेत. दोन मुठींची सुरी गंजली होती, ती पाजळून आणली. कादंबरीत काय लिहावयाचे, ते ती ठरवील. नावे बदलली तरी माझी हरकत नाही. खतावणीचे ते पान मात्र तिला तिच्या वडिलांबरोबर बसून पाहावयास सांगणार आहे.

दादांकडील हिशेब असा मिटला. एक देणे अजून उभे आहे. हळदीच्या पेठेतील त्या हमालाचा मुलगा आता पंचावन्नच्या घरात असेल. सांगलीतच त्याचा टेम्पो आहे, एवढे मला समजले आहे. अण्णांनी त्याच्या वडिलांना पैसे परत केले होते. ‘होय’ म्हणणारा मी त्यांना काहीच म्हणालो नव्हतो. वडील आता नाहीत. मुलाकडे मी येत्या रविवारी जाणार आहे. त्याला मी आठवतो की नाही, ठाऊक नाही. मला तो आठवतो.